पहिल्या पानावरची लसूण

जयमालानं तव्यावर हिरव्या मिरच्या टाकल्या तेव्हा सकाळचे सात वाजले होते. आज उदय रणदिवे या माणसाची चारचौघांत फजिती करायचीच, हे तिचं आठवडाभर आधी ठरलेलं होतं. मिरच्या कोबेच्या भारतीय दुकानातून आणून फ्रीझरमध्ये जपलेल्या. लसूण मात्र इथलीच, जाड पाकळ्यांची. एरवी ठेच्याला ती सात-आठ पाकळ्या घेई, आज तिनं अख्खा गड्डा सोलला. मिरच्यांवर डाग पडले, लसूण खरपूस झाली, तसं दाणे आणि मीठ घालून तिनं सगळं तव्यातच तांब्याच्या बुडानं रगडलं, बोटांनी गोळा केलं आणि अंगठ्यावर घेऊन चाखून बघितलं. मीठ बेताचं होतं. झणका थेट टाळूला लागला.

शिरीष, तिचा नवरा, टाय बांधत स्वयंपाकघरात डोकावला आणि खोकायला लागला.

"अगं, खिडकी उघड. शेजारच्या बाई पोलिसांना बोलावतील. आणि आजच्या मेन्यूत ठेचा कुठे होता?"

"कार्यक्रमासाठी नाहीये. भाऊजींना न्याहारीला."

"उदयला? म्हणजे राग गेला तुझा. चला, बरं झालं," असं म्हणून तो ऑफिसला निघून गेला.

अठरा वर्षं संसार करून बायकोचा राग गेला की वाढला एवढंही ज्याला कळत नाही, त्याला काय म्हणावं? जयमालाचा राग पाहुण्यासारखा येऊन जाणारा नव्हता. तो आला की बिऱ्हाड करून राहायचा.

ही गोष्ट १९९३च्या मार्चमधली. शिरीषला कंपनीनं ओसाकाला पाठवलं त्याला सहा वर्षं झाली होती. जयमाला पुण्याची, मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. झालेली, आणि इथे आल्यावर पहिली तीन वर्षं तिनं काय केलं, तर जळणारा कचरा कुठल्या वारी ठेवायचा आणि न जळणारा कुठल्या, ते पाठ केलं. मग एका थंडीत तिनं कोबेच्या नाडा भागातल्या एका कुरात, म्हणजे साके ही तांदळाची दारू गाळायच्या जुन्या लाकडी कारखान्यात, बाटल्या धुण्याचं अर्धवेळ काम धरलं. मराठी मंडळात कुजबुज झाली. जोशांची सून दारूच्या कारखान्यात जाते! जयमालानं कानाडोळा केला.

कारण त्या कारखान्यात पाऊल टाकताच तिला आपल्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेची आठवण झाली होती. तांदूळ इतका घासायचा की दाणा जेमतेम निम्मा उरावा. तो धुवायचा, वाफवायचा, उबदार खोलीत पसरून त्यावर बुरशी पेरायची. ती बुरशी भाताची साखर करते, आणि त्याच पिंपात, त्याच वेळी, यीस्ट त्या साखरेची दारू करतं. द्राक्षात साखर आयतीच असते, तिथे वाईनवाल्याला ही कसरत करावी लागत नाही. इथे दोन कामं एका भांड्यात चालायची, आणि एक जरा पुढे गेलं की दुसरं बिघडायचं. हे सगळं सांभाळणारा मुख्य कारागीर म्हणजे तोजी. त्याचं नाव आशिदा-सान. तांबा भागातल्या डोंगरातला सत्तरीचा शेतकरी, शेतातलं भात कापून झालं की आपली माणसं घेऊन यायचा आणि मार्चपर्यंत कारखान्यातच राहायचा. पिंपाला कान लावून फेसाचा आवाज ऐकायचा आणि त्यावरून उद्या थंड पाणी किती घालायचं ते सांगायचा.

पहिल्याच हिवाळ्यात बाटल्या भरायच्या नळाशी उभी असताना जयमाला सहज म्हणून गेली, "आज दह्याच्या पाण्यासारखा वास येतोय." बाकीचे हसले. तोजी हसला नाही. त्यानं टाकी तपासली, तर ती खरंच आंबायला लागली होती. दुसऱ्या दिवशी त्यानं "जाया-सान" अशी हाक मारून तिला चाखायच्या टेबलाशी बोलावलं आणि एक वही आणायला सांगितली. वहीच्या पहिल्या पानावर त्यानं सांगितलेला नियम तिनं मराठीत लिहून घेतला: "चाखायच्या दिवशी लसूण, कच्चा कांदा, तिखट, कॉफी, अत्तर वर्ज्य." त्याखाली दुसरी एक ओळ होती, तीही त्यानंच सांगितलेली. तिच्याकडे आपण नंतर येऊ, जयमालाही तिच्याकडे फार उशिराच आली.

तीन हिवाळे तिनं दह्याला हात लावला नाही. दह्यातले जंतू अंगाखांद्यावरून भट्टीत शिरतील म्हणून. पुण्याच्या बाईनं तीन-तीन महिने दहीभाताशिवाय काढायचे म्हणजे काय, ते पुण्याच्या बाईलाच कळेल. घोटभर साके तोंडात घोळवायची, थुंकायची आणि लिहायचं, असं करत तिनं ती वही भरली. कुठली साके आपल्या कुठल्या जेवणाशी जमते, याची. "भरली वांगी: जुन्या रीतीची, आंबटसर साके, बाळाच्या आंघोळीच्या पाण्याइतकी कोमट. दाण्याचं कूट तिला धरून राहतं. तळलेला बांगडा: कोरडी, गार. पिठलं: साधी, ऊन, गार दिली तर पिठलं घशाशी बसतं. पुरणपोळी: चार-पाच वर्षं मुरलेली, मधाच्या रंगाची. फळांच्या वासाची नाजूक साके: हिंगाच्या फोडणीच्या आसपासही नेऊ नये, नुसती काकडी, मीठ, ओलं खोबरं." असली सव्वाशे पानं.

आणि ही वही उदयनं पळवली.

उदय रणदिवे हा शिरीषचा मित्र, एका आयात-निर्यात कंपनीत होता. जपानी फर्डं बोलायचा, मंडळाच्या गणपतीत आरतीच्या तबकाला सगळ्यात आधी हात घालायचा, आणि बायको-मुलं पुण्याला असल्यामुळे महिन्यातून चार वेळा शिरीषकडे जेवायला असायचा. आदल्या वर्षी सरकारनं साकेच्या बाटल्यांवरचे खास दर्जा, पहिला दर्जा, दुसरा दर्जा हे शिक्के बंद केले होते. शिक्का गेला, तशी आपली साके कशी आहे आणि कशाबरोबर प्यावी, हे गिऱ्हाइकाला सांगायची वेळ कारखान्यांवर आली. उदयला याचा वास बरोबर लागला. "वहिनी, दोन दिवस बघायला नेतो," म्हणून वही घेऊन गेला, कन्व्हिनिअन्स स्टोअरमध्ये झेरॉक्स काढली आणि मूळ वही गोड हसत परत आणून दिली. दोन महिन्यांनी, फेब्रुवारीत, कारखान्याच्या ऑफिसात एका पुस्तिकेची कच्ची प्रत आली: भारतीय जेवण आणि आमची साके. लेखक उदय रणदिवे. प्रस्तावनेत एक वाक्य होतं: "हात माझ्या वहिनींचे, जीभ माझी."

ते वाक्य जयमालाच्या डोक्यात जे गेलं, ते गेलंच.

तिनं त्याला एकदाच विचारलं होतं. तो म्हणाला, "वहिनी, आभारात नाव आहे की तुमचं! क्रेडिट दिलंय मी. आणि बाईमाणसाचं नाव दारूच्या पुस्तकावर? उद्या पुण्याला सासूबाईंना कळलं तर? मी तुमचाच विचार केला."

शिरीष म्हणाला, "सोड ना. तेवढ्यासाठी संबंध बिघडवायचे?"

तोजीला सांगावं, असं तिच्या मनात एकदा आलं. पण तक्रार करून, डोळे पुसून मिळालेला न्याय तिला नको होता. तिला उदयचं तोंड बघायचं होतं, सगळ्यांसमोर पडलेलं. आणि ते आपल्या हातानं पाडायचं होतं.

संधी चालून आली. शेवटचं पिंप गाळून झालं की कारखान्यात दुपारी समारोपाचं जेवण असतं. यंदा त्यातच, छापायला जाण्याआधी, पुस्तिका जाहीर करायची होती. ऑफिसातल्या मुलीनं जयमालाला सांगितलं, "तोजींनी अट घातलीय. लेखकानं सगळ्यांसमोर पाच साके जुळवून दाखवायच्या. उदय-सान लगेच हो म्हणाले." जुळवण्याची रीत साधी असते. एका टेबलावर पाच कप, नंबर घातलेले. ते चाखायचे. दुसऱ्या टेबलावर त्याच पाच साके, पण क्रम बदललेला. कुठली कुठली ते ओळखायचं.

जयमालाच्या डोळ्यांपुढे पहिलं पान आलं. उदयनं फक्त पदार्थांची पानं झेरॉक्स केली होती. नियमाच्या पानात पदार्थ नव्हता, म्हणून त्यानं ते सोडलं होतं. तेच पान आता त्याला नडणार होतं. यापेक्षा सुंदर काय असणार?

तर त्या सकाळी आठ वाजता उदय गाडी घेऊन आला. जयमालानं केलेले पदार्थ कारखान्यात पोचवायचे होते. टेबलावर ज्वारीची भाकरी, ठेचा, फोडलेला कांदा, वर तेलाची धार असं मांडलेलं होतं.

"वहिनी!" तो दारातच थांबला. "आठ महिने झाले हो भाकरी बघून!"

"बसा भाऊजी. उपाशी पोटी एवढा मोठा कार्यक्रम करायचा म्हणजे काय!"

त्यानं तीन भाकऱ्या खाल्ल्या. घाम पुसत, नाक ओढत, ठेचा दोनदा मागून घेतला. खरा चाखणारा चाखायच्या दिवशी लसणाच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. जयमाला समोर उभी राहून वाढत होती आणि एकेका घासाबरोबर तिचा आत्मा थंड होत होता. गाडीत त्यानं वास मारायला पेपरमिंटच्या चार गोळ्या चघळल्या. ते तर तिनं मागितलंही नव्हतं.

समारोप वरच्या मजल्यावरच्या लांबलचक खोलीत होता. मालक, कारागीर, दोन हॉटेलांचे आचारी, एका मासिकाचा माणूस. सगळे मिळून चाळीसेक. पांढऱ्या कपांच्या तळाशी निळी वर्तुळं होती, साके किती नितळ आहे ते कळायला. पाचवा कप आदल्या दिवशी गाळलेल्या शेवटच्या पिंपाचा होता. ही तोजीची शेवटची साके. पुढच्या हिवाळ्यात तो येणार नव्हता, गुडघ्यांनी राजीनामा दिला होता. ती साके न तापवलेली, ताजी. आज आहे तशी ती चार दिवसांनी राहत नाही.

उदय पुढे झाला. कप उचलायचा, डोळे मिटायचे, मान डोलवायची. थाट असा की जन्म याच कामात गेला. मग त्यानं दुसऱ्या टेबलावर चिठ्ठ्या ठेवल्या. तोजीनं त्या उलटून पाहिल्या.

"पाचातली एक बरोबर," तो म्हणाला.

जपानी माणसं अशा वेळी हसत नाहीत, माना खाली घालतात. चाळीस माना एकदम खाली गेल्या. उदयच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मासिकाच्या माणसानं पेन खिशात ठेवलं. जयमाला भिंतीशी उभी होती. हेच ते तोंड! महिनाभर तिनं मनात रंगवलं होतं, त्याहून ते सरस पडलं होतं. तिला आनंद झाला. साधासुधा नाही, दुष्ट, भरपेट आनंद.

तो जेमतेम अर्धा मिनिट टिकला.

"माफ करा," उदय कपाळाला हात लावून हसला. अस्खलित जपानीत म्हणाला, "चूक माझी. सकाळी वहिनींनी गावाकडची चटणी खाऊ घातली. लसूण आणि मिरची. इतक्या प्रेमानं वाढलं, नाही कसं म्हणणार? जीभ पार बधिर आहे."

खोलीनं सुटकेचा श्वास सोडला. मालकाचा चेहरा उजळला. असं होय! घरच्या माणसाचं प्रेम, त्याला कोण काय बोलणार? माना वर आल्या, कुणीतरी टाळीही वाजवली. जयमालाच्या हातातून मासा सुळकन निसटला, आणि निसटायला तेल तिनंच लावलं होतं.

तेवढ्यात तोजी म्हणाला, "मग जाया-सान जुळवतील."

सगळे तिच्याकडे वळले.

"वही त्यांची आहे," तोजी मालकाला म्हणाला, अगदी हवापाण्यावर बोलावं तसं. "तीन हिवाळे माझ्या टेबलावर बसून लिहिलीय. आज ही जुळवाजुळव मी त्यांच्यासाठीच मांडली. या, जाया-सान."

उदयचं हसू तोंडावरच वाळलं. जयमाला चालत पुढे गेली. पाय हलके झाले होते. सगळं मिळत होतं: नाव, वही, चाळीस साक्षीदार, शिवाय उदयचं ते तोंड. तिनं पहिला कप उचलून नाकाशी नेला.

लसूण.

तिनं कप ठेवला, दुसरा उचलला. लसूण. हात बदलला. दोन्ही हात तिनं साबणानं धुतले होते, दोनदा. पण अख्खा गड्डा सोललेली, रगडलेली, गोळा केलेली बोटं ती. अंगठ्यावरून चाखलेला झणका अजून जिभेच्या शेंड्यावर बसलेला. तिनं घोट घेतला. तांदूळ नाही, फळ नाही, आंबटपणा नाही. नुसतं ओलं, आणि त्यावर तवा. तिनं आठवडाभर उदयच्या जिभेचा इतका विचार केला होता की आपल्याला जीभ आहे हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

रंगावरून अंदाज करता आला असता. एक कप जरा पिवळसर होता, एक किंचित गढूळ. दोन तरी जुळले असते. पण तोजी समोर उभा होता, आणि या टेबलाशी ती कधी खोटं बोलली नव्हती.

"मला आज नाही जमणार," ती म्हणाली.

तोजी वाकला आणि तिनं ठेवलेल्या कपाची कड हुंगली. मग उदयकडे बघितलं, मग तिच्याकडे. त्याला सगळं कळलं होतं.

"पहिलं पान," तो हळू आवाजात म्हणाला. "दुसरी ओळ काय होती?"

जयमालाला ती आता शब्दन् शब्द आठवली. स्वतःच्या अक्षरातली. "तोंडाला नाही आणि हातालाही नाही. दुसऱ्यासाठी रांधतानासुद्धा नाही."

"उदय-सानना नियम माहीत नव्हता. तुला माहीत होता."

तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले.

"ते तसेही हरणारच होते," तोजी म्हणाला. "त्यांना साके आणि पाणी यांतला फरक कळतो, एवढंच. पुस्तिका आली त्याच दिवशी मी वाचली. बाळाच्या आंघोळीच्या पाण्याइतकी कोमट! हे त्या माणसाचं वाक्य? तू येऊन सांगशील म्हणून महिनाभर वाट पाहिली. नाही आलीस, म्हणून ही दोन टेबलं मांडली. एक शब्द पुरला असता, जाया-सान."

मग तो मालकाकडे वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पुस्तिका बिननावाची छापा. एकाला चव कळत नाही. आणि जिला कळते, ती आज लसणाचे हात घेऊन आली. मी कुणाची हमी देऊ?"

मालकानं मान लववली. विषय संपला. उदयनं टाय सैल केला आणि जेवणाकडे वळला. भरली वांगी त्यानं पहिल्यांदा वाढून घेतली.

जेवताना आपला पेला आपण भरायचा नसतो, शेजारच्यानं भरायचा असतो. तोजी उठून जयमालापाशी आला, गुडघे सावरत बसला आणि शेवटच्या पिंपातली साके त्यानं स्वतः तिच्या पेल्यात ओतली. तिनं दोन्ही हातांनी पेला धरला. प्यायली.

"कशी झालीय?" त्यानं विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. तीन वर्षं प्रत्येक पिंप गाळल्यावर त्यानं आधी तिलाच विचारलं होतं.

"कळत नाही," जयमाला म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

त्यानं मान हलवली, बाटलीला बूच लावलं आणि तो आपल्या माणसांकडे गेला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तो तांबाला परतला.

त्या दुपारी जयमाला ओसाकाच्या गाडीत रिकामे डबे मांडीवर घेऊन बसली होती. उदयचं नाव गेलं, असं तिनं स्वतःला बजावून सांगितलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. गेलं होतं ते खरंच. त्याचा तिला आनंद नव्हता असंही नाही. खोटं कशाला बोला? उद्या तो पुन्हा दारात उभा राहिला, तर ती त्याला पाणीसुद्धा विचारणार नव्हती. पण त्या पेल्यात काय होतं, ते आता तिला कधीच कळणार नव्हतं, आणि ते घेऊन जायला कुणी चोर आला नव्हता.

शेजारच्या बाईनं नाकाला हलकेच रुमाल लावला आणि ती पलीकडच्या सीटवर जाऊन बसली. जयमालानं हात पर्समध्ये घातले आणि उतरेपर्यंत बाहेर काढले नाहीत.